भाऊंचं गाजर आणि बाराव्या दिवसाचा पाळणा

ये गं, ये. दारात पाहुण्यासारखी उभी काय राहतेस? चपला काढ आणि आत ये. किती महिन्यांनी तोंड दाखवलंस! फोनवर सकाळी सकाळी नुसते फुलांचे फोटो पाठवतेस. फुलं बघून आत्याचं पोट भरतं होय? ये, इथे पंख्याखाली माझ्याजवळ बस. आणि समोरच्या दाराशी ते खोकं आहे ना, त्याला जाताना पाय लावू नकोस. त्यात कुणाचा तरी मिक्सर आहे. उद्या तो चालला नाही तर भाऊ तुलाच उभं करून विचारतील, "काल तुम्ही इथून गेलात तेव्हा नेमकं काय झालं?"

भाऊ म्हणजे आमचे समोरचे. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. मूळचे मराठवाड्यातले, पण आमच्यासारखेच चाळीस वर्षं कोपरखैरण्यात मुरलेले. बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. रिटायर झाल्यावर बाकीची मंडळी बागेत टाळ्या वाजवून हसायला जायला लागली आणि भाऊ कळंबोलीच्या भंगारात जायला लागले. तिथून बंद पडलेलं काहीतरी उचलून आणायचं आणि जिन्याखाली बसून चालू करायचं, हा त्यांचा हास्यक्लब.

सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा हटकलं, "काका, जिन्याखाली काम करणं अलाउड नाही."

भाऊ म्हणाले, "काम कुठे करतोय? विचारपूस करतोय."

आणि खरंच, ती विचारपूसच असायची. तू एखादी वस्तू नेलीस की आधी ते तिला हात लावत नाहीत. तुलाच स्टुलावर बसवतात. डॉक्टर केसपेपर काढतो तसा पाठकोऱ्या कागदाचा तुकडा काढतात आणि वर लिहितात, 'तक्रार'. मी पहिल्यांदा माझी इस्त्री घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "काय होतंय?"

"चालत नाही."

"ही तक्रार नाही झाली, ताई. हा तुमचा राग झाला. ती काय करते ते सांगा."

"तापत नाही."

"दिवा लागतो?"

"मधेच लागतो, मधेच जातो."

"शेवटची कधी तापली? आणि त्यानंतर तिचं काय झालं?"

आता इस्त्रीचं काय होणार? पण बोलता बोलता माझ्याच तोंडून निघालं की मी तिची वायर गरम असतानाच तिच्याभोवती गुंडाळून ठेवते. झालं. भाऊंनी तिथेच वायर चाचपली आणि बोट ठेवलं. पाच मिनिटांचं काम. मग मला म्हणाले, "वस्तू सगळं सांगते, ताई. माणूस एक गोष्ट लपवतो. मला निम्मा वेळ त्या एका गोष्टीत जातो."

शर्टाला दोन खिसे. उजव्यात चांगले सेल, डाव्यात संशयित. एकदा वहिनींनी शर्ट धुवायला घेताना सगळे एकत्र केले तर दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. म्हणजे भाऊ बोलत नव्हते. वहिनी भरपूर बोलत होत्या.

तर असंच एकदा कळंबोलीहून त्यांनी एक केशरी रंगाचं लांबट यंत्र आणलं. एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळतं, हुबेहूब गाजर. म्हणाले, याला पिनपॉइंटर म्हणतात. मातीत नाहीतर लाकडात धातू कुठे दडलाय ते याचं टोक दाखवतं. जवळ गेलं की टिकटिक करतं, अगदी वर आलं की एकसारखं ओरडतं. बंद पडलेलंच होतं, भाऊंनी आठवड्यात बोलतं केलं. मागच्या झाकणाची रबरी रिंग मात्र झिजून गेली होती. म्हणाले, "पाण्यापासून लांब ठेवलं की झालं." बिल्डिंगभर त्याचं नाव पडलं, भाऊंचं गाजर.

आता त्या गाजराची एक खोड. चालू करताना आजूबाजूला लोखंड असलं तर ते त्यालाच 'काही नाही' समजून बसतं, आणि मग खरं लोखंड समोर आलं तरी गप्प राहतं. आमच्या बिल्डिंगच्या भिंतीभिंतीत सळ्या. म्हणून भाऊ ते घेऊन मैदानात जायचे, मधोमध उभे राहायचे, हात सरळ वर करून गाजर आभाळाकडे धरायचे आणि मग बटण दाबायचे. क्रिकेट खेळणारी मुलं खेळ थांबवून बघत बसायची. वॉचमनला वाटायचं काका कसली तरी शपथ घेतायत.

मी विचारलं तर म्हणाले, "आधी त्याला काही नसणं म्हणजे काय ते कळलं पाहिजे. मगच काही असलेलं कळतं."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे नका बघू. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हेच ऐकतेय."

आता मुद्द्याचं सांगते.

आमच्याकडे बोनकोड्याची मासेवाली मावशी यायची. तिचा नवरा खाडीत होडी घालायचा. तो गेला आणि होडी दोन वर्षं काठाच्या चिखलात पडून राहिली. लोक म्हणाले, जळणाला देऊन टाक. मावशीने होडी फोडून घेतली, पण फळ्या घरी आणून ठेवल्या. सागाच्या फळ्या, खाऱ्या पाण्यात मुरलेल्या, दगडासारख्या. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मावशी एक दिवस कोळंबीची पाटी खाली ठेवून भाऊंसमोर बसली.

"भाऊ, माना दुसरा काय नको. माज्ये नातवंडाला त्याचे आज्याचे होरीन झोपवाचा हाय."

आजोबांच्या होडीत झोपवायचंय, म्हणजे त्या फळ्यांचा पाळणा करून हवा होता. बाराव्या दिवशी बारशाला बाळ त्यात घालायचं. भाऊ म्हणाले, आजच सुरू करतो. तर मावशीने कानाला हात लावले. "नाय नाय! पोर येवाचे आधी फलीला हात नाय लावाचा."

जन्माआधी पाळणा करायचा नाही, ही आपल्याकडचीही रीत. भाऊंचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण ते वाद घालत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग मला बारा दिवस मिळतील. चालेल."

नवरात्राच्या पाचव्या माळेला मावशीला नात झाली. त्याच दुपारी फळ्या जिन्याखाली.

आता गोम अशी की होडीची फळी म्हणजे खिळ्यांचं वारूळ. वर काही दिसत नाही, पण आत मोडून राहिलेले तुकडे. काही लोखंडाचे, काही तांब्याचे. लोखंडाचे लोहचुंबकाने सापडतात, तांब्याकडे चुंबक ढुंकूनही बघत नाही. तिथे गाजरच पाहिजे. मी म्हटलं, एखादा राहिला तर राहिला, वरून गादीच येणार आहे. भाऊंनी फळी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "बाळाचा गाल आहे, ताई. 'बहुतेक नाही' हे उत्तर चालणार नाही."

मग मी खडू घेऊन बसले. गाजर ओरडलं की भाऊ म्हणायचे, "इथे," आणि मी गोल काढायचा. मग ते पक्कड, गिरमिट घेऊन तो तुकडा उपटायचे. चार दिवसांत निम्म्या फळ्या झाल्या.

खंडेनवमीच्या सकाळी भाऊ आणि वहिनी नागपूरला निघाले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं ते कधी म्हणून चुकवत नाहीत. परत यायला तिसरा दिवस. हत्यारांची पिशवी माझ्याकडे ठेवून गेले. "ताई, जिन्याखाली नको. तुमच्याकडे सांभाळा."

आणि मी सांभाळली, बरं का! खंडेनवमी म्हणजे हत्यारांच्या पूजेचा दिवस. मी माझं शिलाई मशीन पुजलं, विळी पुजली, आणि मनात आलं, भाऊंची हत्यारं काय म्हणून उपाशी ठेवायची? त्यात बाळाचं काम. सगळी पाटावर मांडली. पक्कड, गिरमिट, रंधा, आणि मधोमध गाजर. सगळ्यांना ओलं हळदकुंकू लावलं, पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. गाजराला जरा सढळ हातानेच लावलं. तेच सगळ्यात हुशार ना!

दसरा झाला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊंना हे असलं आवडत नाही, त्यांच्या पाठीमागे आपण हे काय करून बसलो! म्हणून मी सगळं पुसून काढलं. गाजराच्या खाचांतलं कुंकू निघेना, तेव्हा ते नळाखाली धरलं. भांड्याचा साबण लावून, घासून. कोरडं करून पिशवीत ठेवून दिलं. नव्यासारखं दिसत होतं.

भाऊ आले. चहासुद्धा न घेता मैदानात गेले, हात वर केला, बटण दाबलं आणि गाजर आभाळाकडे बघून ओरडत सुटलं. थांबेचना.

त्यांनी ते जिन्याखाली आणलं आणि कागद काढला. तक्रार, काही नसताना आहे म्हणतं. मग माझ्याकडे वळले, "ताई, मी गेल्यावर याचं काही झालं?"

मी म्हटलं, "कुठे काय? पिशवीतच होतं."

असं काय बघतेस? म्हणाले खरी. जीभ आपली आपण वळली.

मग सुरू झाली त्यांची तपासणी. बाहेरून आत, एकेक पायरी. आधी स्वतःचं घड्याळ, अंगठी, खिशातल्या किल्ल्या लांब ठेवल्या. ओरडणं चालूच. मग उजव्या खिशातला नवा सेल घातला, कारण सेल उतरला की असली यंत्रं भलतंच बरळतात. चालूच. सेल जिथे टेकतो ते पत्रे खोडरबराने घासले. चालूच. मग टोकावर हळूच टिचक्या मारून ऐकत बसले, आतली तार सुटली असेल तर आवाज बदलेल म्हणून. आवाज एकसारखा. तो दिवस गेला, दुसराही गेला. फळ्या तशाच. मावशी रोज येऊन उभी राहायची, फळीवर हात फिरवून निघून जायची. ते मला जास्त लागायचं.

दुसऱ्या संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. दार लोटून म्हणाल्या, "ताई, बटणाच्या कडेला लाल दिसतंय मला. केशरीवर ह्यांना नाही दिसत, ह्यांचा चष्मा जुना झालाय. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी तशीच उठले. जिन्याखाली जाऊन बघते तर भाऊंनी गाजर मांडीत आडवं धरलेलं आणि हातात करवतीचं पातं. सेलच्या झाकणाखेरीज सगळं यंत्र डिंकाने बंद केलेलं असतं. आत केसाहून बारीक तार. कापताना ती तुटली की यंत्र संपलं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पातं टेकवलं आणि मी ओरडले, "भाऊ, थांबा! मी त्याची पूजा केली."

पातं तसंच राहिलं. भाऊ मान वर करून म्हणाले, "कुंकू ओलं होतं की कोरडं?"

"ओलं."

"नुसतं कुंकू?"

"हळदपण. आणि पाणी शिंपडलं. आणि... नंतर नळाखाली धुतलं."

"साबण?"

"भांड्याचा."

त्यांनी पातं खाली ठेवलं, कागद ओढला आणि सावकाश लिहिलं. कारण, पूजा. नंतर आंघोळ. मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "दोन दिवस मी त्या बिचाऱ्यावर संशय घेत होतो, ताई."

मला रडू यायला लागलं आणि मागे वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी म्हटलं, "भाऊ, रागवा तरी!"

"रागावून ते वाळणार आहे का? तुमच्या वाती आणा. देवाच्या."

"कशाला?"

"तुम्ही घातलं, आता तुमच्याच वातीने काढू."

(पुढच्या वर्षी नागपूरला निघताना पिशवी पुन्हा माझ्याच हातात दिली. आत चिठ्ठी होती, 'फक्त फूल. कोरडं.')

मग त्यांनी बटणावरचं रबर सुईने अलगद उचललं. खाली लाल-पिवळा लेप, बाळाच्या दुपट्यावर असतो तसा. म्हणाले, कुंकवात हळद आणि चुना असतो, ओला झाला की त्यातून वीज झिरपते आणि यंत्राला भास होतो. मागचं झाकण काढून रिंगेच्या खाचेत खोलवर बघितलं तर तिथेही ओल, रिंग झिजलेली ना. वातीच्या टोकाला स्पिरिट लावून एकेक कोपरा पुसला. मी म्हटलं, आता तांदळाच्या डब्यात ठेवू, फोन भिजला की ठेवतात तसं. म्हणाले, "तांदूळ भाताला. याला ऊन."

सकाळी मी सुपात घालून ते गच्चीवर नेलं. दसऱ्यानंतरचं ऊन तू जाणतेस, पापडसुद्धा तासाभरात कडक. कावळे येऊ नयेत म्हणून छत्री घेऊन मी दुपारपर्यंत शेजारी बसले. खाली भाऊंनी सायकलच्या ट्यूबमधून बारीक कडी कापून नवी रिंग केली, तिला व्हॅसलीन चोपडलं. वर येऊन सेल घातला, झाकण लावलं आणि गाजर माझ्याच हातात दिलं.

"तुम्ही दाखवा."

"मी?"

"तुम्ही ओरडायला शिकवलंत. गप्प राहायलाही तुम्हीच शिकवा. बांगड्या वर सारा, कोपरापर्यंत."

मी गच्चीच्या मधोमध, हात वर, आभाळाला. बटण दाबलं. बारीक टिक झालं आणि मग काहीच नाही. एरवी रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येतात, तेवढ्याच आल्या. मी हात खाली करेना. भाऊंनी खिशातून एक तांब्याचा तुकडा काढून टोकाजवळ आणला आणि ते किंचाळलं. तुकडा मागे घेतला, गप्प. पुन्हा आणला, किंचाळलं. वहिनी म्हणाल्या, "पुरे आता, दोघंही लहान मुलं झालात."

पण हातात उरले तीन दिवस. भाऊंनी जेवण जिन्याखालीच मागवलं. सेक्रेटरी आला, बघितलं आणि विजेची वायर लांब करून दिली. राहिलेल्या फळ्या तपासून झाल्या, रंधा फिरला आणि आतून असा मधाच्या रंगाचा साग निघाला की बघत राहावं. पाळण्याला एकही खिळा मारला नाही. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे, टांगायला सुती दोर. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, "शेवटी तपासायचंय ना. यंत्र पूर्ण गप्प राहिलं तरच पाळणा पास. मधे एक जरी माझा खिळा असला तर तो माझा की होडीचा, कोण सांगणार?"

बारशाच्या दिवशी बोनकोड्यात मावशीचं घर नुसतं फुललेलं. आगरी बायका त्या, गळा, हात, नाक, सगळं सोन्याने भरलेलं. पाळणा टांगला, फुलं लावली, बाळाला आणलं. एवढ्यात भाऊ गाजर घेऊन उठले. "एक मिनिट."

अंगणात जाऊन आधी आभाळाला दाखवून आले. मग पाळण्याजवळ नेलं तर टिकटिक. भाऊंनी शांतपणे सगळीकडे बघितलं.

"बायकांनो, दहा पावलं मागे व्हा."

मावशी ओरडली, "आवरा सोना अंगाव हाय तुमचे, सरा गं मागं!" आणि सगळ्या बांगड्या-पाटल्या खिदळत भिंतीला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "ह्यो कसला पोलीस आनलाय बारशाला?"

आपल्याकडे बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देतात ना, तसं भाऊंनी गाजर खालून नेलं, वरून आणलं. उजवीकडून गप्प. खालून गप्प. डोक्याकडच्या बाजूला मात्र टिकटिक थांबेना. बघते तर मावशी. सगळ्यांना मागे ढकलून स्वतः पाळण्याची कड घट्ट धरून उभी होती, हातात चार सोन्याच्या बांगड्या.

"मावशी, हात काढा."

"मी नाय काढत."

ती कड म्हणजे होडीची वरची फळी होती. नवरा होडी ढकलताना तिथेच धरायचा, तिथला साग हाताने गुळगुळीत झालेला. भाऊंनी तो भाग मुद्दाम रंध्याखाली घेतला नव्हता. हे मला तेव्हा कळलं.

भाऊ घाई करेनात. यंत्र टिकटिक करत होतं आणि ते तसेच वाकून उभे. एवढंच म्हणाले, "मी थांबतो, मावशी."

मग तिने एकेक बोट सुटं करावं तसा हात काढला आणि पाठीमागे नेला. आवाज बंद झाला. त्या भरल्या घरात इतकं गप्प झालं की बाळाचा श्वास ऐकू आला. भाऊंनी त्या कडेवरून टोक पुन्हा एकदा, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. काही नाही.

"घाला," ते म्हणाले.

मावशीने नातीला पाळण्यात ठेवलं आणि दोर भाऊंच्या हातात दिला. "पयला झोका तुमी द्या."

भाऊंनी दोर ओढला. पाळणा होडीसारखाच हलला, आधी एका अंगाला कलून मग सरळ. सगळ्या बायका गायला लागल्या आणि भाऊ कान लावून ऐकत होते. मला वाटलं, आतून भरून आलं असेल. जवळ गेले तर कानात म्हणाले, "डावी खुंटी करकरते. उद्या मेण घेऊन येतो."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी मेणबत्ती घेऊन हजर.

तो पाळणा तेव्हापासून बोनकोड्यात या घरातून त्या घरात फिरतोय. जिथे जाईल तिथे आधी भाऊंना बोलावणं जातं. बाळ हातात धरून सगळे थांबतात, बायका भिंतीला लागतात, आणि भाऊ अंगणात जाऊन हात वर करतात. परवा म्हणे गावात आणखी एका घरी पाचवीची पूजा झाली, म्हणजे पुढच्या आठवड्यात बारसं. मावशी मलाही घेऊन जाणार आहे, खडू धरायला नाही, नुसतं मिरवायला. तू पण चल. सुट्टी नाही म्हणू नकोस, ऐकायचं नाही मला. दोन दिवस आधीच राहायला ये. मऊ भात आणि कोळंबीचं कालवण करते. आणि हो, सोनं घरी ठेवून ये बाई, नाहीतर भिंतीला उभी राहशील. ये हां, लवकर ये.